इलेक्ट्रिक गाडी, ट्रॅक आणि चौथ्या लॅपला न लागणारे ब्रेक

पहिले दोन लॅप ब्रेक उत्तम लागतात. तिसऱ्या लॅपला लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी नेहमीच्या खुणेच्या दहा-पंधरा मीटर अलीकडेच पाय टाकावा लागतो, आणि चौथ्याला पूर्ण जोर देऊनही वळण अंगावर येतं. बावीसशे किलोच्या इलेक्ट्रिक गाडीत हा क्रम इतका ठरलेला असतो की ट्रॅकवर पहिल्यांदा येणाऱ्याला तो आधीच सांगून ठेवता येतो. त्यावर निघणारा निष्कर्षही ठरलेला: पॅड कुचकामी आहेत, मोठे ब्रेक बसवा. पॅड कमी पडतात हे खरंच. पण अर्धं दुखणं बॅटरीच्या बाजूला असतं. ते न ओळखता पैसे घातले तर ब्रेक दोन लॅप उशिरा जातात, एवढाच फरक.

आधी हिशेब करून घेऊ. २२०० किलोची गाडी ताशी २०० किमीवरून ८० किमीवर आणायची तर २.८५ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते. १३०० किलोच्या पेट्रोल हॅचबॅकला त्याच वेगात १.७ मेगाज्यूल. त्यात ती हॅचबॅक त्या पट्ट्याच्या शेवटी २०० ला पोचतच नाही. १७५ ला पोचली तर आकडा १.२ वर येतो. म्हणजे त्याच वळणावर इलेक्ट्रिक गाडीला सव्वादोन पटींहून जास्त ऊर्जा जिरवायची असते. यातला सुमारे ७० टक्के भार पुढच्या चाकांवर येतो. पॅड जिला आवळतात त्या फिरत्या तबकडीच्या, म्हणजे पुढच्या प्रत्येक डिस्कच्या, घासणाऱ्या कड्यात १० किलो बीड (ओतीव लोखंड) आहे असं धरलं, तर सगळं काम ब्रेकनेच केल्यास एका ब्रेकिंगला डिस्क सुमारे २०० अंशांनी तापते. लॅपमध्ये अशी तीन ठिकाणं असली आणि मधल्या पट्ट्यांत डिस्कला तेवढं निवायला वेळ मिळाला नाही, की तापमान पायरीपायरीने चढत जातं.

आता रिजन, म्हणजे ब्रेक मारताना मोटरनेच वेग कमी करून ती ऊर्जा बॅटरीत परत घेणं. १ जी ने (गुरुत्वाकर्षणाएवढ्या जोराने) ब्रेक मारला तर २०० वरून ८० वर यायला साधारण ३.४ सेकंद लागतात. सरासरी शक्ती ८४० किलोवॅट. गाडी ब्रेकिंगमध्ये २०० किलोवॅट परत बॅटरीत घेत असेल तर जवळजवळ पाव भार मोटर उचलते आणि डिस्कची ती २०० अंशांची उडी १५० वर येते. रस्त्यावरचं ब्रेकिंग बहुतेक वेळा इतकं सौम्य असतं की सगळंच रिजनमध्ये भागतं, डिस्क कोमटही होत नाही. त्यामुळे या गाडीचे ब्रेक भक्कम आहेत असा समज होतो. खरं तर ते ब्रेक वापरलेलेच नसतात.

रिजनच्या दोन खोडी इथे आड येतात. पहिली म्हणजे मोटर जोर देते तो शक्ती भागिले वेग या प्रमाणात. २०० किलोवॅट म्हणजे ताशी ८० ला ०.४२ जी, पण ताशी २०० ला फक्त ०.१७ जी. सर्वात जास्त गरज असते तिथेच रिजन सर्वात दुबळं. ह्युंदाई आयोनिक ५ एन फक्त रिजनवर ०.६ जी पर्यंत वेग कमी करते असं कंपनी सांगते. तोच जोर ताशी २०० ला लावायचा तर सातशेहून जास्त किलोवॅट बॅटरीत कोंबावे लागतील, तेव्हा तो आकडा मध्यम वेगाचा समजायचा.

दुसरी खोडी जास्त त्रासाची. बॅटरी भरलेली असली, थंड असली किंवा फार तापली की कंट्रोलर रिजन छाटतो. ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या लॅपला बॅटरी तापलेली असते. नेमक्या त्याच वेळी डिस्कही तापलेल्या असतात. रिजन पूर्ण गेलं तर डिस्कवरचा भार एकतृतीयांशाने वाढतो, आणि तो वाढतो आधीच ५०० अंशांवर असलेल्या डिस्कवर. ज्या गाड्यांत ब्रेक पेडलच रिजन आणि घर्षण यांची वाटणी करतं, तिथे पायाला याचा पत्ताच लागत नाही: पेडल तेच, गाडी तशीच थांबते, फक्त आता सगळं काम पॅड करत असतात. टेस्लासारख्या गाड्यांत, जिथे रिजन ऍक्सिलरेटरवर आहे, तिथे निदान पाय उचलल्यावर गाडी सैल सुटल्यासारखी वाटते. तो इशारा मानायचा. मीटरवर रिजनची पट्टी तुटक किंवा अर्धी दिसत असेल तर तो लॅप थंड लॅप करून टाकायचा, ब्रेक अजून ठीक वाटत असले तरी.

मागच्या मोटरच्या गाडीत याला आणखी एक पदर आहे. रिजन सगळं मागच्या चाकांवर असतं. ते गेलं की ब्रेकिंगचा तोल पुढे सरकतो, पुढचे पॅड जास्त तापतात आणि वळणात शिरताना नाक पहिल्यासारखं आत येत नाही. लोक याला टायर गेले म्हणतात.

ब्रेक गेले म्हणजे नेमकं काय गेलं, ते पेडलवरून ओळखता येतं. पेडल कडक आहे, उंची नेहमीचीच आहे, पण दाबूनही गाडी थांबत नाही: पॅडचा मसाला (डिस्कला घासणारा थर) तापमानाच्या मर्यादेपलीकडे गेला. पेडल लांब जातं, मऊ लागतं, दोन-तीनदा पंप केल्यावर वर येतं: कॅलिपरमधलं (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातलं) ब्रेक ऑइल उकळून वाफ झाली. पेडल पहिल्या दाबाला लांब आणि दुसऱ्याला अगदी बरोबर, तेही कर्बवरून (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून) उडी मारल्यानंतर: पॅड डिस्कच्या डगमगीने मागे ढकलले गेलेत, इथे उष्णतेचा संबंध नाही. पेडल थरथरतं: डिस्कवर पॅडचा मसाला एकसारखा न बसता ठिगळासारखा चिकटला आहे, डिस्क वाकडी झाली असं म्हणतात ते बहुतेक वेळा हेच असतं.

यात इलेक्ट्रिक गाडीची एक मेख आहे. इंजिनचा व्हॅक्यूम नसल्यामुळे पायाचा जोर वाढवणारा बूस्टर विजेवर चालतो. आयबूस्टरसारख्या रचनेत पेडलपासून ऑइलला दाब देणाऱ्या मास्टर सिलेंडरपर्यंत यांत्रिक जोड असतो, त्यामुळे वाफ झाली तर पायाला थोडंफार कळतं. पण पूर्ण बाय-वायर रचनेत, जिथे पायाचा इशारा विजेनेच ब्रेकपर्यंत जातो, उदाहरणार्थ ऑडी ई-ट्रॉनमध्ये, पाय दाबतो ते एका सिम्युलेटरचं स्प्रिंग. कॅलिपरमध्ये वाफ झाली तरी पेडल काही काळ घट्टच लागू शकतं आणि मागे पंप जास्त ऑइल ढकलून वेळ मारून नेत असतो. अशा गाडीत पेडलवर भरवसा ठेवायचा नाही. वेग किती उतरतोय त्यावर डोळा, आणि ब्रेकची कुठलीही सूचना आली की लगेच मागे.

तयारीची सुरुवात ऑइलपासून करावी, कारण सर्वात स्वस्त तेच आहे आणि सर्वात भीतिदायक बिघाडही त्याचाच. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा किमान उत्कलनांक कोरडा २३० अंश, आणि ३.७ टक्के पाणी शोषल्यावर १५५. डॉट ५.१ ला २६० आणि १८०. गाडीत दोन वर्षांचं जुनं ऑइल असेल तर ते दुसऱ्या आकड्याकडे झुकलेलं समजा. ट्रॅकसाठीचं मोटुल आरबीएफ ६६० कोरडं ३२५ अंशांना उकळतं, पाणी शिरल्यावर २०४ ला. कॅस्ट्रॉल एसआरएफ ३२० आणि २७०. वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवर जाणाऱ्याने दुसरं घ्यावं, महाग असलं तरी. दर वेळी ऑइल बदलणाऱ्याला पहिलं पुरे. सिलिकॉनचं डॉट ५ एबीएसच्या गाडीत घालायचं नाही. उघडून ठेवलेली बाटली पुढच्या वेळी वापरायची नाही, ती झाकणाखालीही ओल पिते.

पूर्ण बदलायला एक लिटर धरा, अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या. गाडी उचलताना जॅक फक्त ठरवून दिलेल्या जागी, रबरी ठोकळा मध्ये घालून. या गाड्यांच्या तळाला बॅटरीची पेटी आहे आणि जॅक दोन बोटं आत सरकला तर तिचं कवच दबतं. प्रेशर ब्लीडर (ऑइल दाबाने ढकलणारं साधन) १ ते १.५ बारवर. कॅलिपरच्या निपलवर आधी रिंग पाना चढवा, मग पारदर्शक नळी. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या नव्या ऑइलमध्ये बुडलेलं असू द्या, नाहीतर निपल बंद करताना हवा उलटी आत जाते. रंग बदलला की थांबायचं नाही, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत थोडं आणखी जाऊ द्यायचं, आणि मग प्लॅस्टिकच्या हातोडीने कॅलिपरला दोन-चार हलके टोले. वरच्या कोपऱ्यात अडकलेला एखादा शेवटचा बुडबुडा हमखास निघतो. चाकांचा क्रम गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातला, ऐकीव नको. काही गाड्यांत एबीएसच्या ब्लॉकमधली हवा स्कॅन टूल लावून पंप फिरवल्याशिवाय निघत नाही.

पॅड काढायच्या आधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये टाका. दार उघडलं किंवा चुकून पेडलला हात लागला तरी विजेचा बूस्टर जागा होऊन दाब देऊ शकतो, आणि पॅड नसतील तर पिस्टन बाहेर येतात. मागच्या कॅलिपरवर पार्किंग ब्रेकची मोटर असते. ती सर्व्हिस मोडनेच मागे घ्यायची. पिस्टन क्लॅम्पने जबरदस्तीने दाबला तर आतला स्क्रू किंवा गिअर जातो आणि अख्खा कॅलिपर बदलावा लागतो.

पॅड निवडताना डब्यावरचं कमाल तापमान बघून भाळू नये. जड गाडीला पुढे ६५०-७०० अंशांपर्यंत टिकणारा मसाला हवा हे खरं, पण तो थंड असताना रस्त्यावरच्या पॅडपेक्षा कमी धरतो. इलेक्ट्रिक गाडीत रोजच्या वापरात रिजनमुळे पॅड कधी तापतच नाहीत. म्हणून ट्रॅकचे पॅड रस्त्यावर ठेवून फिरणं इथे पेट्रोल गाडीपेक्षाही जास्त धोक्याचं: अचानक कोणी आडवं आलं तर पहिला चावा येतच नाही. पॅड ट्रॅकवर जाऊन बदलावेत आणि निघताना परत बदलावेत, कंटाळा आला तरी.

पुढचे आणि मागचे पॅड एकाच मसाल्याचे किंवा एकाच कंपनीच्या जोडीचे घ्या. पुढे फार धरणारे आणि मागे कंपनीचे असं केलं की तोल पुढे जातो आणि पुढचेच आणखी तापतात. शिवाय रिजन आणि घर्षण यांची वाटणी करणारं सॉफ्टवेअर इतक्या बार दाबाला इतका टॉर्क असं धरून चालतं. जास्त धरणारे पॅड घातले की ताशी १५-२० च्या आसपास, जिथे रिजन सोडून घर्षण ताबा घेतं, तिथे गाडी हिसका देते. हा दोष नव्हे, ट्रॅकवर त्याने काही बिघडत नाही. पण पिट लेनमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्याच्या गल्लीत) पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा.

पॅडची जाडी हा दुर्लक्षित मुद्दा आहे. पॅड हाच डिस्क आणि ऑइल यांच्यातला आडोसा. निम्मा झिजला की पिस्टनकडे जाणारी उष्णता झपाट्याने वाढते, आणि सकाळी न उकळलेलं ऑइल दुपारी उकळतं. ट्रॅकच्या दिवशी अर्ध्याहून कमी जाडीचे पॅड घेऊन जायचंच नाही. जड गाडीत एका दिवसात निम्मा पॅड संपणं नवलाचं नाही. पॅडच्या पाठीमागे टायटॅनियमच्या पातळ चकत्या मिळतात. टायटॅनियमचा नेहमीचा मिश्रधातू साध्या पोलादाच्या सातव्या हिश्शाएवढीच उष्णता वाहून नेतो, त्यामुळे ऑइलला त्या उपयोगी पडतात. पॅड आणि डिस्क मात्र त्याने थंड होत नाहीत. चकती घातल्यावर नवा जाड पॅड कॅलिपरमध्ये मोकळा सरकतो ना, ते बघून घ्या.

नवे पॅड बसवून ‘बेड’ करणं, म्हणजे त्यांचा मसाला डिस्कवर बसवणं, हे इलेक्ट्रिक गाडीत हमखास चुकतं. पद्धत जुनीच: ताशी १०० वरून ३० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा ब्रेक, मग वेग वाढवून तीन-चार जोरदार, पूर्ण न थांबता, आणि शेवटी दहा मिनिटं ब्रेक न लावता फिरवणं. पॅडच्या कंपनीची वेगळी सूचना असेल तर ती पाळा. अडचण अशी की पेडल वाटणी करणारं असेल तर यातला बराचसा भार मोटरच खाते, पॅड तापत नाहीत, मसाल्याचा थर डिस्कवर बसत नाही, आणि चालक मात्र बेड झालं म्हणून पहिल्याच सेशनमध्ये तुटून पडतो. नव्या पॅडमधली राळ तेव्हा पहिल्यांदा तापून वायू सोडते आणि ब्रेक सपशेल घसरतात. यावर उपाय म्हणजे बेडिंगला बॅटरी पूर्ण भरून जाणं. शंभर टक्क्यांवर रिजन जवळजवळ नसतंच, सगळं काम पॅडला पडतं. किंवा बंद ट्रॅकवर, मागेपुढे कोणी नसताना, न्यूट्रलमध्ये टाकून ब्रेक मारणं; बहुतेक गाड्यांत न्यूट्रलला रिजन बंद होतं. झालं की डिस्कवर एकसारखा निळसर-राखाडी थर दिसला पाहिजे. मधे चकाकणारे पट्टे राहिले असतील तर पुन्हा.

डिस्कच्या बाबतीत भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला छान. जड गाडीत तडे त्या भोकांपासूनच सुरू होतात. साध्या किंवा चरे पाडलेल्या घ्या. परवडत असेल तर अॅल्युमिनियमच्या टोपीची दोन तुकड्यांची डिस्क चांगली, कारण तापल्यावर कडं मोकळेपणाने फुगू शकतं आणि हबकडे उष्णता कमी जाते. आतली पाती वक्र असतील तर डावी-उजवी वेगळी असते. डिस्कच्या वरच्या भागात पाती केंद्राकडून बाहेर जाताना गाडीच्या मागच्या बाजूला झुकलेली हवीत. तरच ती हवा बाहेर फेकतात. चऱ्यांच्या दिशेवरून अंदाज बांधू नका, डिस्कच्या कडेतून आत डोकावून बघा. कार्बन-सिरॅमिकची घाई नको. ती तापमान सोसते, पण पैसे आधी ऑइल, पॅड आणि हवेवर घालून बघावेत. मागे ड्रम असलेली गाडी असेल, फोक्सवॅगन आयडी.३ किंवा आयडी.४ सारखी, तर जोरात ट्रॅकवर नेण्याचा विचार सोडलेला बरा.

हवेचं म्हणाल तर या गाड्यांचं नाक आणि तळ रेंजसाठी बंद केलेले असतात आणि चाकांवर सपाट झाकणं असतात. झाकणं काढा, हा फुकटचा फायदा. पुढच्या बंपरमधून ७५ मिलिमीटरची नळी डिस्कच्या मध्यापर्यंत नेता आली तर उत्तम, पण तोंड डिस्कच्या आतल्या पोकळीकडे हवं. नुसत्या आतल्या चेहऱ्यावर हवा सोडली की एक बाजू थंड, एक गरम, आणि डिस्क बशीसारखी वळते. डिस्कच्या मागचं पत्र्याचं कवच काढून टाकायचं असेल तर बॉल जॉइंटचं रबर, ड्राइव्ह शाफ्टचं बूट आणि व्हील स्पीड सेन्सरची वायर उघडी पडते. वायरला तरी उष्णतारोधक वेष्टण घालाच; सेन्सर गेला की एबीएस, रिजन आणि स्टॅबिलिटी तिन्ही एकदम संपावर जातात.

सेशनला निघताना बॅटरी ७५ ते ८५ टक्के असावी. शंभर टक्क्यांनी सुरुवात केली तर पहिल्या लॅपपासून रिजन नाही आणि डिस्क तेव्हाच भाजायला लागतात. बेडिंगला फायद्याची तीच गोष्ट इथे नडते. दोन सेशनच्या मधे फास्ट चार्जिंग करून लगेच परत जाणं हा ब्रेक घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. चार्जिंगने बॅटरी तापते, पुढचं सेशन तापलेल्या बॅटरीने सुरू होतं, रिजन एक-दोन लॅप आधीच छाटलं जातं, आणि भोगतात पॅड. चार्जिंगनंतर बॅटरी निवायला वेळ द्या. गाडीत ट्रॅकसाठी बॅटरी थंड करण्याची सोय असेल तर ती अर्धा तास आधी चालू करा.

सेटिंगमध्ये ऑटो होल्ड (थांबल्यावर ब्रेक धरून ठेवणारी सोय) बंद. स्टॅबिलिटी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) ट्रॅक मोडवर, कारण रस्त्याच्या सेटिंगला ही यंत्रणा वळणात आतल्या चाकाचा ब्रेक सतत चिमटत राहते. पायाने ब्रेक न लावताही मागच्या डिस्क तापलेल्या आढळल्या तर कारण बहुधा हेच. ट्रॅक मोडमध्ये रिजन कमी-जास्त करता येत असेल तर जास्तीत जास्त ठेवा, निदान बॅटरी पुरते तोवर. मात्र ओल्या ट्रॅकवर मागच्या चाकांचं पूर्ण रिजन वळणात पाय उचलल्यावर गाडी फिरवू शकतं, तिथे कमी करा.

गाडी चालवण्यात सगळ्यात मोठा फायदा आहे तो पट्ट्याच्या शेवटी पाय थोडा आधी उचलण्यात. ताशी २०० ऐवजी १८५ वरून ब्रेक मारला तर जिरवायची ऊर्जा १७ टक्क्यांनी कमी होते. २०० किलोवॅट रिजनने दीड सेकंद गाडी नुसती सोडली तर ०.३ मेगाज्यूल, म्हणजे आणखी दहाएक टक्के, डिस्कपर्यंत पोचतच नाहीत. लॅपटाइम थोडा जातो, पण सलग पाच लॅप मिळतात. पेट्रोल गाडीत पाय पेडलवर अलगद ठेवून लांबून ब्रेक मारायची सवय असेल तर ती मोडा. ऊर्जा तेवढीच जिरते, पण पॅड डिस्कला जास्त वेळ चिकटून राहतो आणि निवायचा वेळ कमी होतो. सुरुवातीला पटकन जोर, मग वळणात शिरताना हळूहळू सोडणं. एक बाहेर पडण्याचा लॅप, दोन जोरदार, एक पूर्ण थंड, मग वाटल्यास पुन्हा दोन: बावीसशे किलोला हा नेम बरा पडतो. थंड लॅप म्हणजे हळू ब्रेक नव्हे. थंड लॅपमध्ये ब्रेक जवळजवळ लावायचाच नाही, रिजनवर वेग सांभाळायचा आणि वेग इतका ठेवायचा की डिस्कमधून हवा खेळेल. लांब पट्ट्यावर डाव्या पायाने पेडलला एक हलका स्पर्श देऊन ते वर आहे ना बघण्याची सवय लावून घ्या. जोरात दाबू नका, दोन्ही पेडल एकदम दाबल्याचं समजून बहुतेक गाड्या ताकद तोडतात.

आणि खरोखरच वेगात असताना ब्रेक गेले तर? पेट्रोल गाडीत गिअर खाली टाकायची सोय असते, इथे एकच गिअर आहे. पाय ऍक्सिलरेटरवरून पूर्ण काढा म्हणजे उरलंसुरलं रिजन लागतं, स्टीअरिंगमागच्या पॅडलने रिजनची पातळी वाढवता येत असेल तर पूर्ण वाढवा, न्यूट्रलमध्ये कधीही टाकू नका. पेडल मऊ असेल तर भराभर पंप करा. कडक असेल तर पंप करून उपयोग नाही, जोर कायम ठेवा. वळण घेता येणार नाही असं दिसलं तर सरळ रन-ऑफमध्ये (वळणाबाहेरच्या मोकळ्या जागेत) जा, चाकं सरळ ठेवून. स्टीअरिंग वळवून वाळूत शिरलेली गाडी उलटण्याची भीती सरळ शिरलेल्यापेक्षा जास्त. बॅटरी तळाला असल्यामुळे गुरुत्वमध्य खाली असतो म्हणून ही भीती कमी, शून्य नव्हे.

पिटमध्ये आल्यावर घाई करू नये. ऑइल उकळतं ते बऱ्याचदा थांबल्यावर, कारण डिस्कची उष्णता पॅड आणि पिस्टनमधून कॅलिपरकडे सावकाश पोचते आणि तोवर हवा बंद झालेली असते. पूर्ण थंड लॅप मारूनच आत या, पॅडकमध्येही (गाड्या उभ्या करायच्या आवारात) दोन-चार मिनिटं सावकाश फिरवा. पार्क दाबलं की बहुतेक इलेक्ट्रिक गाड्या मागचे कॅलिपर आपोआप आवळतात. तापलेल्या डिस्कवर पॅड आवळलेला राहिला की तिथेच मसाल्याचा ठसा उमटतो आणि पुढच्या सेशनला पेडल थरथरतं. चालक सीटवरून उठला की पार्क आपोआप लागणाऱ्या गाड्याही आहेत. अशा वेळी चाकाला ओट (ठोकळा) लावून न्यूट्रलमध्ये बसून राहा, किंवा टो मोड असेल तर तो वापरा. दर मिनिटाला गाडी हातभर पुढे सरकवली तरी चालतं.

तापमान मोजायला इन्फ्रारेड बंदूक मोहात पाडते. पण घासून चकचकीत झालेल्या डिस्कवर ती खूप कमी आकडा दाखवते, आणि आत येईपर्यंत खरं तापमानही शे-दोनशे अंशांनी उतरलेलं असतं. डिस्कच्या बाहेरच्या कडेला तापमानाचा रंग लावणं जास्त विश्वासाचं: नेहमीच्या तीन पट्ट्यांत हिरवा ४३० अंशांना रंग बदलतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. हिरवा गेला आणि नारिंगी शाबूत असेल तर चांगले पॅड आरामात आहेत. लालही गेला असेल तर पॅड बदलण्याने प्रश्न सुटणार नाही, हवा वाढवा किंवा लॅप कमी करा. कॅलिपरवर चिकटवायच्या पट्ट्या १४९ ते २६० अंशांच्या मिळतात. त्यावर २०० च्या पुढचे चौकोन काळे पडले असतील तर ऑइल त्या दिवशीच ब्लीड करा आणि पिस्टनची रबरी बूटं बघा. करपून तडकलेलं बूट म्हणजे पुढे कधीतरी अडकणारा पिस्टन.

चाक काढलंच आहे तर पॅड वर-खाली आणि आत-बाहेर मोजा. एका टोकाला दोन मिलिमीटरहून जास्त उतार असेल तर सरकत्या कॅलिपरच्या पिना सुकल्या आहेत किंवा कॅलिपर फाकतो आहे. पिना साफ करून उष्णता सोसणारं ग्रीस लावा. डिस्कवर केसासारख्या बारीक रेषांचं जाळं असेल तर चालतं. नखाला अडकणारा तडा, किंवा कडेपर्यंत पोचलेला कितीही बारीक तडा असेल तर डिस्क तिथेच रद्द, घरी परत जाण्यासाठीसुद्धा नाही. किमान जाडी डिस्कच्या टोपीवर किंवा कडेवर कोरलेली असते. जड गाडीत मात्र त्या आकड्यापर्यंत जाऊ नये. बीड कमी झालं की त्याच ब्रेकिंगला डिस्क जास्त तापते.

चाकाचे नट टॉर्क पान्याने, गाडीच्या आकड्यावर. टेस्ला मॉडेल ३ ला १७५ न्यूटन-मीटर. तापलेल्या हबवर आवळलेले नट निवल्यावर परत तपासा. रस्त्याचे पॅड चढवल्यावर डिस्कवर अजून ट्रॅकच्या पॅडचा थर असतो, आणि दोन्ही मसाल्यांचं जमतंच असं नाही: पहिले काही ब्रेक खरखरतात, एका बाजूला ओढतात. रिजनमुळे हे रस्त्यावर अनेक दिवस कळतही नाही, म्हणून ट्रॅकच्या आवारातच रिजन कमीत कमी ठेवून ताशी ६० वरून दहाएक मध्यम ब्रेक मारून घ्या आणि मग गेटबाहेर पडा.